जिनिव्हात दिलेला शब्द रबाळ्यात कसा पोचतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून ठाणे-वाशी लोकलमध्ये, कंपनीच्या गेटवर आणि टीव्हीवरच्या चर्चेत तीच तीन वाक्यं ऐकू येतात. एक जण म्हणतो, ‘हे आंतरराष्ट्रीय कराराच्या विरुद्ध आहे.’ दुसरा म्हणतो, ‘भारताने त्यावर सहीच केलेली नाही.’ तिसरा म्हणतो, ‘केली असली तरी काय फरक पडतो?’ बोलणं असतं ते जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारांबद्दल. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि तिघांचीही कुठेतरी गफलत होते आहे.

मी नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत एकवीस वर्षं पर्सनल खात्यात काढली. हजेरीपट, पीएफचे फॉर्म, ओव्हरटाइमची रजिस्टरं हेच माझं जग होतं. तरी या करारांचा अर्थ मला नोकरीत नाही, नोकरी सुटल्यावर एका ओळखीच्या काकांमुळे कळला.

काका घणसोली गावातले. मुलाने जीपी रेटिंगचा कोर्स केला होता, म्हणजे खलाशी म्हणून जहाजावर चढण्याआधीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. बेलापूरच्या एका एजंटाने नोकरी लावून देतो म्हणून साडेतीन लाख मागितले होते. ‘ताई, व्हिसा, तिकीट आणि कंपनीचे चार्जेस असे मिळून आहेत म्हणतो. हिचे दागिने मोडायला काढलेत.’ एजंटाने हिशेब लिहून दिला होता तो वहीच्या फाडलेल्या पानावर. तीन आकडे, खाली रेघ, रेघेखाली बेरीज. ना नाव, ना शिक्का.

त्या पानावरचा एक रुपयाही काका देणं लागत नव्हते. सागरी कामगार करार २००६ चा आहे आणि भारताने तो ९ ऑक्टोबर २०१५ रोजी मान्य केला. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून कसलीही फी घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि सीडीसी नावाचं खलाशाचं पुस्तक, एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. शिवाय भरती करणाऱ्याकडे जहाज वाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा. काकांनी परवाना दाखवा म्हटल्यावर एजंटाने फोन उचलणंच बंद केलं. दागिने कपाटात परत गेले. मुलगा सात महिन्यांनी, परवाना असलेल्या कंपनीतून, फी न भरता चढला.

जिनिव्हातल्या सभागृहात मंजूर झालेलं एक कलम असं घणसोलीच्या एका कपाटापर्यंत आलं. ते कसं आलं आणि बाकीची कितीतरी कलमं वाटेतच का अडकतात, ते आता पाहू.

ही संघटना आहे तरी कोणाची?

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये व्हर्सायचा तह झाला. त्याच तहाच्या एका भागातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली. बोलताना सगळे तिला आयएलओ म्हणतात. आज तिचे १८७ देश सभासद आहेत. भारत पहिल्या दिवसापासून सभासद आहे, म्हणजे स्वतंत्र होण्याच्या २८ वर्षं आधीपासून.

तिची रचना बाकीच्या जागतिक संस्थांपेक्षा वेगळी आहे. दरवर्षी जूनमध्ये परिषद भरते तेव्हा प्रत्येक देशाकडून मतदान करणारे चार जण जातात: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. प्रत्येकाचं मत स्वतंत्र. आपल्याच सरकारने ‘हो’ म्हटलं असताना आपला कामगार प्रतिनिधी उभा राहून ‘नाही’ म्हणू शकतो.

१९१९ ची पहिली परिषद वॉशिंग्टनला झाली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने गेले ते नारायण मल्हार जोशी, आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. त्या वेळी कामगारांची देशपातळीवरची संघटना नव्हती, त्यामुळे प्रतिनिधी सरकारच ठरवणार हे उघड होतं. आपला माणूस आपण पाठवायचा तर आपली संघटना हवी, ही गरज त्यातून पुढे आली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक ही देशपातळीवरची कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या जन्मामागे हे एक मोठं कारण होतं.

साखरपुडा नाही, थेट लग्न

‘भारताने सही केली का?’ हा प्रश्नच इथे जरा चुकतो. एरवी दोन देशांत तह होतो तेव्हा आधी सही होते आणि मग घरी जाऊन संसदेची किंवा मंत्रिमंडळाची पक्की मंजुरी घेतली जाते. सही म्हणजे साखरपुडा, मंजुरी म्हणजे लग्न. आयएलओच्या करारांत साखरपुडा नसतोच. परिषद दोन तृतीयांश मतांनी करार स्वीकारते, आणि त्यानंतर प्रत्येक देशाने ठरवायचं की आपण त्यात बांधून घ्यायचं की नाही. बांधून घेण्याला सरकारी भाषेत ‘अनुसमर्थन’ म्हणतात. मी इथे ‘मान्यता’ म्हणते.

मान्यता दिली नाही तरी पूर्ण सुटका होत नाही. नवा करार झाल्यापासून साधारण वर्षभरात, फार तर दीड वर्षात, तो आपल्या देशातल्या कायदे करणाऱ्यांपुढे ठेवावाच लागतो. आणि मान्यता दिली की अटी कडक आहेत. हे कलम चालेल, ते नको, असं करता येत नाही. नोंदणीनंतर वर्षाने करार त्या देशाला लागू होतो. मग मन बदललं तर साधारणपणे करार पहिल्यांदा अमलात आल्यापासून दहा वर्षं मोजायची आणि अकराव्या वर्षात बाहेर पडायचं. ते वर्ष चुकलं तर पुढची दहा वर्षं पुन्हा आतच.

आतापर्यंत १९० हून अधिक करार झाले आहेत. भारताने त्यातले ४७ मान्य केले आहेत.

रविवार आधी आला, करार नंतर

करार वरून येतात आणि मग खाली हक्क मिळतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. इतिहास उलटा आहे, आणि त्याची सुरुवात ठाण्याच्या माणसापासून होते.

नारायण मेघाजी लोखंडे १८४८ मध्ये ठाण्यात जन्मले. सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची सुट्टी मागितली. मालकांनी ती दिली १८९० मध्ये. आज ठाणेकर रविवारी तलावपाळीवर फिरायला जातात, त्या रविवारामागे लोखंडे यांची सहा वर्षांची झुंज आहे. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्ये झाला आणि भारताने तो १९२३ मध्ये मान्य केला. आधी मुंबईच्या गिरणीत सुट्टी, तीस वर्षांनी जगाच्या कागदावर.

कामाच्या तासांची कथा मात्र कडू आहे. आयएलओचा अगदी पहिला करार १९१९ चा: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. भारताने तो १४ जुलै १९२१ रोजी मान्यही केला. पण कराराच्या दहाव्या कलमात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळी सोय होती: तिथे आठवड्याला ६० तास, आणि आणखी कमी करायचे का याचा विचार पुढच्या एखाद्या परिषदेत. लंडनच्या कामगाराचा आठवडा ४८ तासांचा आणि परळच्या कामगाराचा ६० चा, हे त्या कागदावर पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे. ते कलम वाचताना मला आजही राग येतो.

तरी त्या ६० तासांनीही काहीतरी हललं. १९२२ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली. १९३४ मध्ये ती बारमाही कारखान्यांसाठी ५४ झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ती ४८ वर आली. आज कोणी ४८ तास ही परदेशातून आलेली चैन आहे म्हणालं तर त्याला हा क्रम सांगावा. करारातली सवलत ६० ची होती, ४८ आपण स्वतः केले.

म्हणूनच कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, तेव्हा ‘आयएलओचा पहिला करार मोडला’ असा ओरडा करून भागत नाही. त्या करारात आपल्यासाठी ती जुनी फट आहेच. विरोध करायचा तर तो १९४६ च्या आधारावर करायला हवा, आणि बारा तास मशीनवर उभं राहिलेल्या माणसाचा हात शेवटच्या तासाला कसा चालतो त्याच्या आधारावर. माझ्या अपघात रजिस्टरमध्ये वेळेचा एक रकाना होता. बोटं सापडल्याच्या नोंदी शिफ्टच्या सुरुवातीला क्वचित असायच्या.

दिल्लीत हे ठरतं कसं?

आपल्याकडे मान्यता देणं हे केंद्र सरकारचं काम आहे, त्यासाठी संसदेत मतदान लागत नाही. पण करार मान्य केला म्हणजे तो आपोआप देशाचा कायदा होत नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागतो, आणि राज्यघटनेचं २५३ वं कलम संसदेला आंतरराष्ट्रीय करारासाठी कोणत्याही विषयावर कायदा करायची मुभा देतं.

यामुळे सरकारने एक धोरण पहिल्यापासून ठेवलं आहे: आधी देशातला कायदा कराराशी जुळवायचा, मगच मान्यता द्यायची. बालमजुरीचं उदाहरण घ्या. त्यावरचे दोन मुख्य करार १९७३ आणि १९९९ चे. आपण २०१६ मध्ये कायदा बदलून चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली (घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत आणि बालकलाकार हे अपवाद ठेवले), अठराखालच्यांना धोक्याच्या कामातून वगळलं आणि मग १३ जून २०१७ रोजी दोन्ही करार एकदमच मान्य केले. हे धोरण प्रामाणिक आहे असं मला वाटतं. निदान न पाळण्याचा शब्द द्यायचा नाही, एवढा त्यात भाव आहे. त्याची दुसरी बाजू अशी की जिथे कायदा बदलायचाच नसतो, तिथे हेच धोरण वर्षानुवर्षांची ढाल बनतं.

भारताने काय मान्य केलेलं नाही?

आयएलओ दहा करारांना पायाभूत मानते. त्यातले सहा भारताने मान्य केले आहेत: वेठबिगारीविरुद्धचे दोन, समान वेतन, भेदभावबंदी आणि बालमजुरीचे दोन. राहिले चार. दोन कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचे, ज्यांना हा पायाभूत दर्जा २०२२ मध्येच मिळाला. आणि दोन फार जुने: १९४८ चा संघटना करण्याच्या हक्काचा आणि १९४९ चा संघटनेमार्फत वाटाघाटी करण्याच्या हक्काचा.

म्हणजे भारतात युनियन करायला बंदी आहे का? मुळीच नाही. ट्रेड युनियन कायदा १९२६ मध्येच आला, त्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे, आणि घटनेच्या १९ व्या कलमात संघटना करायचा हक्क आहे. सरकारचं म्हणणं असं, की हे करार मान्य केले तर सरकारी नोकरांवर आज जी बंधनं आहेत, उदाहरणार्थ संपावरची, ती टिकणार नाहीत. हे कारण सत्तर वर्षांहून जुनं झालं आहे. मला ते पटत नाही. लष्कर आणि पोलिसांबद्दल प्रत्येक देशाने ठरवावं, असं या करारांतच लिहिलेलं आहे. राहिलेल्या कर्मचाऱ्यांपुरतं बोलून मार्ग काढता आला असता. आणि सरकारी नोकरांच्या नावाने अडलेले हे दोन करार तुर्भ्याच्या गोदामातल्या कंत्राटी मुलासाठी जास्त मोलाचे होते, कारण त्याच्या वतीने बोलणारं आज कोणीच नाही.

घरकामगारांचा २०११ चा करार आणि कामाच्या जागी हिंसा व छळाविरुद्धचा २०१९ चा करार, हे दोन्हीही मान्यतेविना आहेत.

‘मग हा नुसता कागदच ना?’

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेठबिगारीविरुद्धचा करार भारताने १९५४ मध्ये मान्य केला. वेठबिगारी मोडणारा कायदा आला १९७६ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत आणि त्यानंतरही आमच्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्यांवर, कातकरी कुटुंबं पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपायी राबत राहिली. १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेने गावोगाव जाऊन माणसं सोडवली तेव्हा कुठे तो कायदा जिल्ह्यात दिसला.

मी स्वतः पाहिलेलं एक सांगते. कामगार तपासणीचा करार भारताने १९४९ मध्येच मान्य केला. निरीक्षकाला दिवसा किंवा रात्री, आगाऊ न कळवता, कोणत्याही कारखान्यात जाता आलं पाहिजे, असं त्याचं बारावं कलम सांगतं. मी ज्या कंपनीत होते तिथे आदल्या संध्याकाळी फोन यायचा. मग स्टोअरचं कपाट उघडायचं. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सगळं अजून प्लास्टिकच्या पिशवीत. सकाळी सात वाजता मी ते वाटायचे आणि संध्याकाळी सही घेऊन परत घ्यायचे. त्या सह्यांचं रजिस्टर मीच लिहिलं आहे, आणि त्याचं ओझं माझ्या मनावर आहे.

तरीही मी कागदाच्या बाजूने उभी राहीन, कारण मान्यता दिली की उत्तर द्यावं लागतं. सरकारला दर काही वर्षांनी अहवाल पाठवावा लागतो आणि त्याची प्रत मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांना द्यावी लागते. संघटना त्यावर आपलं म्हणणं थेट जिनिव्हाला कळवू शकतात. कायदेतज्ज्ञांची एक समिती १९२६ पासून हे अहवाल तपासते आणि तिचे प्रश्न जाहीरपणे छापले जातात. न कळवता होणाऱ्या तपासण्यांबद्दल तिने भारताला वारंवार विचारलं आहे. सोसायटीच्या ऑडिटसारखंच हे. ऑडिटर कोणाला तुरुंगात घालत नाही, पण त्याचा शेरा सर्वसाधारण सभेत वाचला जातो.

शेऱ्यापलीकडची पायरीही आहे, पण ती अगदी क्वचित वापरली जाते. म्यानमारविरुद्ध २००० मध्ये आणि बेलारूसविरुद्ध २०२३ मध्ये आयएलओने बाकी देशांना त्यांच्याशी असलेले संबंध तपासायला सांगितलं.

आणि कोर्ट. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ मध्ये देशात वेगळा कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क कराराचा आधार घेतला. तो आयएलओचा नाही, पण भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला होता. त्यावरून न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. कायदा आला २०१३ मध्ये. मधली सोळा वर्षं बायकांच्या हातात जे होतं, त्यामागे तो मान्य केलेला कागद होता.

‘अमेरिकेने तरी कुठे मान्य केलंय?’

खरं आहे. दहा पायाभूत करारांपैकी अमेरिकेने फक्त दोन मान्य केले आहेत. पण तिने काय केलं नाही यावरून आपण काय करावं हे ठरत नाही. शिवाय व्यापारात हा विषय आता दारातून आत आला आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात कामगारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. माल परदेशी पाठवणाऱ्या महाप्यातल्या कारखानदाराला गिऱ्हाईकच विचारतं की तुमच्याकडे तास किती, वय किती. आणि ‘परक्यांनी आपल्याला का शिकवावं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की त्या परिषदेत १९१९ पासून आपलाही माणूस बसतो आहे.

न मागता मिळायला हवी ती माहिती

शेवटी एक करार, ज्याबद्दल आमच्या भागात कोणीच बोलत नाही. मोठ्या औद्योगिक अपघातांविरुद्धचा १९९३ चा, क्रमांक १७४. भारताने तो २००८ मध्ये मान्य केला आहे. ज्या कारखान्यांत घातक रसायनांचा मोठा साठा असतो त्यांच्यासाठी तो आहे. त्यात कामगाराला हक्क दिला आहे की डोळ्यांसमोर धोका दिसत असेल तर त्याने काम थांबवावं. असे नवे कारखाने वस्तीपासून पुरेशा अंतरावर ठेवावेत असंही आहे. आणि सोळावं कलम म्हणतं: अपघात झाला तर काय करायचं ही माहिती आसपासच्या लोकांना, त्यांनी न मागता, द्यायची, आणि ठरावीक काळाने पुन्हा द्यायची.

डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. ते कारखाने वस्तीला किती खेटून होते, हे तिथल्या फुटलेल्या काचांनी सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला आमच्या बाजूच्या कंपनीचा भोंगा वाजला. सराव आहे की खरंच काही झालंय, कळेना. हवेत सडक्या अंड्यांसारखा वास होता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडक्या गच्च लावल्या. खालच्या आजोबांनी वास जावा म्हणून सगळ्या उघडल्या. वॉचमन म्हणाला गच्चीवर जा, कोणी म्हणालं खाली उतरा. वीस मिनिटांनी भोंगा थांबला. काय झालं होतं ते आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर संबंधित खात्याला पत्र लिहिलं. विषयाच्या ओळीत ‘करार क्रमांक १७४, कलम १६’ असं घातलं. खाली बेचाळीस सह्या आहेत, त्यात आजोबांचीही आहे. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तरासाठी मी दर सोमवारी फोन करते.